मोठ्या कॅथोडचे प्लाझ्मा स्रोत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधील महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकणारे विद्यार्थी, त्यांचे प्राध्यापक आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत निर्वात पात्रांची कामे करणारे काही कारखानदार गेल्या काही वर्षांत जे प्रश्न सतत विचारत आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रश्न बहुधा प्लाझ्माविषयी असतात. उत्तरे मात्र बरीचशी उष्णतेविषयी आहेत, कारण मोठा कॅथोड बांधताना नव्वद टक्के वेळ भट्टी सांभाळण्यात जातो, असा माझा तरी अनुभव आहे.

प्लाझ्मा स्रोत म्हणजे नेमके काय, आणि त्यात कॅथोडचे काम कोणते?

निर्वात पात्रात हेलियम किंवा आरगॉनसारखा वायू अत्यल्प दाबाखाली सोडतात आणि त्याच्या अणूंवर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांचे आयनीभवन घडवतात, म्हणजे अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे करतात; असा वायू म्हणजे प्लाझ्मा. हे इलेक्ट्रॉन पुरवणारा ऋण ध्रुव म्हणजे कॅथोड. तो इतका तापवतात की त्याच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन आपोआप बाहेर पडू लागतात. समोर काही अंतरावर जाळीचा ॲनोड असतो. दोघांमध्ये पन्नास ते शंभर व्होल्टचा दाब दिला की इलेक्ट्रॉन वेग घेतात, त्यांतले बरेचसे जाळीतून आरपार जातात आणि पुढच्या लांब पात्रात चुंबकीय क्षेत्राच्या रेषा धरून वाटेतल्या वायूचे आयनीभवन करत राहतात. तापलेल्या पृष्ठभागावरून होणाऱ्या या उत्सर्जनाचा नियम ओवेन रिचर्डसन यांनी मांडला आणि त्या कामासाठी त्यांना १९२८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आयनीभूत वायूला ‘प्लाझ्मा’ हे नाव अर्व्हिंग लँगम्यूर यांनी दिले, तेही १९२८ मध्येच.

मोठाच कॅथोड कशासाठी हवा? लहान कॅथोडने प्लाझ्मा तयार होत नाही का?

होतो, आणि पुष्कळ प्रयोगांना तो पुरतोही. अडचण येते ती लाटांचा आणि खळबळीचा अभ्यास करताना. उदाहरणादाखल आल्फव्हेन लाटा घ्या. हान्स आल्फव्हेन यांनी १९४२ मध्ये ज्यांचे भाकीत केले आणि ज्या सूर्याच्या वातावरणात व पृथ्वीच्या चुंबकावरणात आढळतात, त्या या लाटा. हेलियमचा प्लाझ्मा, दर घन सेंटिमीटरला दहाचा बारावा घात इतके कण आणि ०.१ टेस्लाचे क्षेत्र असे धरले, तर या लाटेचा वेग सेकंदाला सुमारे १,१०० किलोमीटर येतो. आयन क्षेत्ररेषेभोवती ज्या घिरट्या घालतात त्यांच्या निम्म्या वारंवारतेला तिची लांबी साडेपाच ते सहा मीटर भरते. दीड मीटरच्या पात्रात ही लाट मावणारच नाही.

रुंदीचे गणित वेगळे आहे. याच क्षेत्रात एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट तापमानाचा (प्लाझ्माचे तापमान ऊर्जेच्या या एककात सांगतात) हेलियम आयन सुमारे २ मिलिमीटर त्रिज्येच्या घिरट्या घालतो. प्लाझ्माच्या कडेचा परिणाम मध्यभागी पोहोचू नये आणि क्षेत्राला आडवी जाणारी हालचाल मोकळेपणाने दिसावी, यासाठी प्लाझ्माची रुंदी या त्रिज्येच्या शेकडो पट असावी लागते. ६० सेंटिमीटरचा प्लाझ्मा म्हणजे ३०० त्रिज्या. इतका रुंद आणि सर्वत्र सारखा प्लाझ्मा हवा असेल, तर इलेक्ट्रॉनही तितक्याच रुंद आणि एकसारख्या पृष्ठभागावरून यायला हवेत.

असे स्रोत प्रत्यक्षात कुठे चालतात?

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील ‘लार्ज प्लाझ्मा डिव्हाइस’चे आहे. त्यातला प्लाझ्मा सुमारे १८ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद असतो, आणि तो साधारण सेकंदाला एकदा तयार होऊन काही मिलिसेकंद टिकतो. आज, उद्या, परवा तोच प्लाझ्मा पुन्हा पुन्हा मिळत असल्याने एकच सूक्ष्म शोधनी हजारो ठिकाणी सरकवत पूर्ण त्रिमितीय चित्र उभे करता येते. त्या यंत्रात अनेक वर्षे बेरियम ऑक्साइडचा लेप दिलेला निकेलचा कॅथोड होता, आणि अलीकडे त्याच्या जागी लॅन्थॅनम हेक्साबोराइडचा ३८ सेंटिमीटर व्यासाचा कॅथोड आला.

आपल्याकडे गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘लार्ज व्हॉल्यूम प्लाझ्मा डिव्हाइस’ आहे. तिचे पात्र २ मीटर व्यासाचे आणि ३ मीटर लांबीचे आहे, पण तिथे एकसंध तबकडीऐवजी टंगस्टनच्या अनेक तारा तापवून इलेक्ट्रॉन मिळवतात. नाशिकच्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष काही पाहायचे ठरवले, तर लॉस एंजेलिसपेक्षा गांधीनगर नक्कीच जवळ आहे.

३८ सेंटिमीटरच्या कॅथोडमधून ६० सेंटिमीटरचा प्लाझ्मा कसा मिळू शकतो?

चुंबकीय क्षेत्र पसरवून. इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषांना चिकटून चालतात. कॅथोडपाशी क्षेत्र मुख्य पात्रातल्या क्षेत्राच्या सुमारे अडीचपट ठेवले, की रेषा पुढे फाकत जातात आणि व्यास ३८ वरून ६० होतो. त्याची किंमत उत्सर्जनात मोजावी लागते. तेवढाच प्रवाह लहान क्षेत्रफळातून काढायचा असल्याने दर चौरस सेंटिमीटरला तो अडीचपट द्यावा लागतो.

कॅथोडसाठी कोणता पदार्थ निवडावा: टंगस्टन, बेरियम ऑक्साइड की लॅन्थॅनम हेक्साबोराइड?

इलेक्ट्रॉनला पृष्ठभाग सोडण्यासाठी जी किमान ऊर्जा लागते, तिला वर्क फंक्शन म्हणतात, आणि निवड बहुतांशी तिथेच ठरते. टंगस्टनसाठी ती सुमारे ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. म्हणून त्याच्या तारा २,००० अंश सेल्सिअसच्याही वर तापवाव्या लागतात. तारा स्वस्त असतात, तुटल्या तर बदलता येतात. पण तारांच्या झुंडीतून निघालेला प्लाझ्मा कॅथोडजवळ तरी ठिपक्याठिपक्यांचा असतो.

बेरियम ऑक्साइडचा मोठा गुण असा की तो ८०० ते ९०० अंशांनाच भरपूर इलेक्ट्रॉन देतो. निकेलच्या पत्र्यावर बेरियम, स्ट्रॉन्शिअम आणि कॅल्शिअम यांच्या कार्बोनेटांचा लेप फवारतात आणि निर्वातात हळूहळू तापवून त्याचे ऑक्साइड करतात. या वेळी कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो आणि निर्वातमापकाचा काटा तासन्तास वर-खाली होत असतो. मोठ्या पृष्ठभागावर असा लेप देणे तुलनेने सोपे आहे, पण तो फार नाजूक असतो. पात्रात थोडा ऑक्सिजन किंवा पाण्याची वाफ शिरली, तर उत्सर्जन कोसळते. त्याला कॅथोडची ‘विषबाधा’ म्हणतात. हवेत उघडा पडलेला लेप ओलावा शोषून हायड्रॉक्साइड होतो आणि पोपडे धरतो.

लॅन्थॅनम हेक्साबोराइडचे कॅथोड म्हणून गुण जे. एम. लॅफर्टी यांनी १९५१ मध्ये दाखवून दिले. जांभळट रंगाचा, कठीण, पण चिनीमातीसारखा ठिसूळ असा हा पदार्थ आहे. त्याचे वर्क फंक्शन सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असून तो १,६०० ते १,८०० अंशांच्या दरम्यान वापरतात. रिचर्डसनच्या नियमाने हिशेब केला, तर १,६०० अंशांना दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ अँपिअर आणि १,७०० अंशांना सुमारे १८ अँपिअर मिळू शकतात. त्याला हवा लागली तरी तो मरत नाही. पात्र बंद करून पुन्हा तापवले की तो पूर्ववत काम करू लागतो. ज्या प्रयोगशाळेत विद्यार्थी दर पंधरा दिवसांनी पात्र उघडणार आहेत, तिथे मी डोळे झाकून हाच पदार्थ सुचवेन. बेरियमचा लेप संयमी माणसांसाठी आहे.

लहान कॅथोड नीट चालत असेल, तर मोठा करताना फक्त मापे वाढवायची ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि पैसेही सर्वांत जास्त इथेच वाया जातात.

तापलेला पृष्ठभाग प्रारणाने जी उष्णता गमावतो, ती निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. आदर्श काळा पृष्ठभाग धरला, तर ९०० अंशांना दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ११ वॉट जातात आणि १,७०० अंशांना सुमारे ८६ वॉट. प्रत्यक्ष हेक्साबोराइडसाठी ६० वॉट धरून चालू. ५ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीचा एक चेहरा मग जेमतेम १.२ किलोवॉट फेकतो. स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीला लागते त्याहूनही ही वीज कमीच आहे. २० सेंटिमीटरची तबकडी १९ किलोवॉट मागते आणि ३८ सेंटिमीटरची ६८ किलोवॉट. हा झाला फक्त पुढच्या चेहऱ्याचा हिशेब. मागच्या बाजूची उष्णता अडवण्यासाठी मॉलिब्डेनम किंवा टँटॅलमचे पातळ पत्रे एकामागे एक लावतात. सारख्या पृष्ठभागाच्या एका पत्र्याने ती निम्मी होते, तीन पत्र्यांनी चौथाई. पुढचा चेहरा मात्र झाकता येत नाही, कारण इलेक्ट्रॉन तिथूनच निघायचे असतात.

दुसरी गोष्ट याहून त्रासदायक आहे. उत्सर्जन तापमानावर घातांकी पद्धतीने अवलंबून असल्याने १,७०० अंशांच्या आसपास ५० अंशांचा फरक पडला, तर प्रवाह दीडपटीहून अधिक बदलतो. मोठ्या तबकडीची कड आजूबाजूच्या थंड भिंतींना उष्णता देत असते, म्हणून कड गार आणि मध्य गरम अशी स्थिती सहज होते. मग प्लाझ्माही मध्यभागी दाट आणि कडेला विरळ होतो. घनतेचा असा उतार स्वतःच लाटा आणि अस्थिरता जन्माला घालतो, आणि विद्यार्थी सहा महिने ज्या ‘नव्या’ लाटेचा अभ्यास करतो ती हीटरच्या कडेला एक वळसा कमी पडल्यामुळे आलेली असते. ग्राफाइटच्या हीटरचे वळसे कडेकडे अरुंद ठेवून तिथे जास्त उष्णता सोडणे हा यावरचा रूढ उपाय आहे.

तिसरे कारण ठिसूळपणाचे. फार मोठी एकसंध तबकडी मिळणे कठीण आणि महाग, शिवाय तापताना-निवताना तिच्यात ताण साठतात. म्हणून बहुतेक ठिकाणी फरशीसारखे तुकडे शेजारी शेजारी बसवतात आणि प्रसरणासाठी त्यांच्यामध्ये बारीक फट सोडतात. घराच्या गच्चीवर फरशी बसवणारा गवंडीही सांधा सोडतो, त्याचेच हे मोठे महागडे रूप.

हेक्साबोराइडची तबकडी कशावर बसवावी? मॉलिब्डेनमचे किंवा टंगस्टनचे बैठक-कडे चालेल का?

चालणार नाही. या तापमानाला हेक्साबोराइडमधला बोरॉन टंगस्टन, टँटॅलम, मॉलिब्डेनम अशा धातूंत झिरपतो, त्यांचे ठिसूळ बोराइड तयार होते आणि दोन्हीकडचा पदार्थ भुसभुशीत होऊन मोडतो. म्हणून जिथे प्रत्यक्ष स्पर्श आहे तिथे ग्राफाइट किंवा ऱ्हेनिअम वापरतात. ग्राफाइट स्वस्त आहे, त्याचे प्रसरणही बऱ्यापैकी जुळते आणि लेथवर ते सहज कापले जाते. मात्र त्याची काळी भुकटी उडते आणि मशीनच्या रुळांत शिरते, म्हणून कारखानदार हे काम घ्यायला नाखूश असतात.

इतक्या गरम वस्तूचे तापमान कसे मोजावे?

काचेच्या खिडकीतून पायरोमीटरने, म्हणजे तापलेल्या वस्तूच्या प्रकाशावरून तापमान सांगणाऱ्या उपकरणाने. यात एक सापळा आहे. कॅथोडवरून उडालेला पदार्थ खिडकीच्या आतल्या बाजूवर हळूहळू बसतो, प्रकाश कमी पोहोचतो आणि पायरोमीटर खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. मग चालक वीज वाढवतो. बाष्पीभवन वाढते, खिडकी आणखी काळवंडते. खिडकीपुढे झडप ठेवून मोजण्यापुरतीच ती उघडावी, आणि शक्यतो दोन रंगांच्या गुणोत्तरावर चालणारा पायरोमीटर घ्यावा. रोज हीटरची वीज आणि मोजलेले तापमान वहीत शेजारी शेजारी लिहीत गेल्यास घोळ आठवड्याभरात उघडा पडतो.

चुंबकीय क्षेत्राचा हीटरवर काही परिणाम होतो का?

होतो. हीटरमधून शेकडो अँपिअर वाहत असतात आणि तो क्षेत्रातच बसलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर बल येते. एसी वापरला तर हे बल सेकंदाला शंभर वेळा हिसके देते, आणि ग्राफाइटला हिसके सोसत नाहीत. जाणारा आणि येणारा प्रवाह शेजारी शेजारी ठेवून बले एकमेकांना खोडतील अशी रचना करावी. मी तरी डीसीच घेतो.

नाशिकच्या कारखान्यांत यातले काय तयार होऊ शकते?

हेक्साबोराइडची तबकडी सोडली तर बरेच काही. स्टेनलेस स्टीलचे पात्र, फ्लॅन्ज, पाण्याची जॅकेट, चुंबकाची वेटोळी, तांब्याचे बसबार हे सगळे सातपूर-अंबडमध्ये होते. स्विचगिअरच्या कामांमुळे तांबे आणि उच्च विद्युतदाब दोन्ही हाताळणारी माणसे इथे आहेत. फक्त त्यांना निर्वाताचे काही वेगळे नियम समजावून सांगावे लागतात.

आर्गन वेल्डिंगचा अखंड टाका आतल्या बाजूने हवा. सवयीप्रमाणे आत आणि बाहेर दोन्हीकडून टाका मारला, तर मधल्या पोकळीत हवा अडकते आणि लीक डिटेक्टरला काही न सापडता पात्र महिनोन्महिने झिरपत राहते. आंधळ्या, म्हणजे तळ बंद असलेल्या भोकात बसणाऱ्या प्रत्येक बोल्टच्या मधोमध १ मिलिमीटरचे आरपार भोक पाडावे, म्हणजे तळाशी अडकलेली हवा निघून जाईल. हे भोक पाडायला सांगितले तेव्हा एका अनुभवी टर्नरने माझ्याकडे ‘चांगला बोल्ट कशाला बिघडवता साहेब’ अशा नजरेने पाहिले होते. त्यांना एका काचेच्या घंटेखाली आंधळ्या भोकात बसवून पाण्यात बुडवलेला साधा बोल्ट ठेवून पंप लावून दाखवला. आट्यांतून बराच वेळ बुडबुडे येत राहिले. त्यानंतर भोक पाडायचे राहिले असे एकदाही झाले नाही.

पितळ आणि गॅल्व्हनाइज केलेले बोल्ट आत मुळीच वापरू नयेत, कारण गरम निर्वातात जस्त उडून जाते आणि विद्युतरोधकांवर धातूचा थर चढवते. नाशिकची भांड्यांची परंपरा तांबे आणि पितळ या दोन्हींची. इथे कामाला येते ते फक्त तांबे.

पात्राच्या ताकदीचा अंदाजही द्यावा लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीमुळे नाशिकचा हवेचा दाब साधारण ९४५ मिलिबार असतो, मुंबईपेक्षा थोडा कमी. तरीही ६० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर पावणेतीन टनांच्या जवळपास भार येतो.

पावसाळ्यात पात्र उघडावे का?

टाळता आले तर टाळावे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पात्र तासभर उघडे राहिले, तर भिंतींवर पाण्याच्या रेणूंचा थर बसतो आणि तो काढायला पंपाला कित्येक दिवस लागतात. उघडणे भागच असेल, तर आत कोरडा नायट्रोजन सोडून पात्र भरावे, काम चालू असेपर्यंत त्याचा हलका प्रवाह चालू ठेवावा, आणि बंद केल्यावर भिंती तापवून पाणी हुसकावे. कॅथोड पेटवण्यापूर्वी दाब टॉरच्या (टॉर हे दाबाचे एकक) दहा लाखाव्या भागापर्यंत तरी उतरलेला असावा.

वीज गेली तर काय होते?

मी ज्या एका लहान चाचणी-संचावर काम करत होतो, तिथे एका संध्याकाळी पावसात वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण पाण्याचा पंप त्याच्या वायरिंगवर घेतलेलाच नव्हता. ही चूक आमची. हीटर बंद पडल्याने तबकडी झपाट्याने निवू लागली, आणि तिची साठलेली उष्णता घ्यायला जॅकेटमधले पाणी वाहत नव्हते. दुसऱ्या दिवशी झाकण काढले तेव्हा आधी जळलेल्या ओ-रिंगचा वास आला. मग टॉर्चच्या उजेडात तबकडीवर शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक रेघ दिसली. बोटाने हलकेच दाबल्यावर तिचे दोन तुकडे झाले.

तेव्हापासून तीन गोष्टी न चुकता करतो. पाण्याचा पंप आणि निर्वात पंप दोन्ही बॅकअपवर घेतो. पाण्याचा प्रवाह ठरावीक मर्यादेखाली गेला की हीटर बंद करणारा फ्लो स्विच लावतो. २० किलोवॉट उष्णता १० अंशांच्या वाढीत वाहून न्यायला मिनिटाला सुमारे ३० लिटर पाणी लागते, हा आकडा स्विच लावताना हाताशी असावा. आणि हीटरची वीज तासाभरात टप्प्याटप्प्याने उतरवतो, वर नेतानाही तितकाच वेळ देतो. बोअरचे पाणी थेट वापरू नये. क्षार बसून जॅकेटच्या अरुंद वाटा बुजतात.

कॅथोड आणि ॲनोडमधला प्रवाह कसा पुरवतात?

मोठ्या यंत्रांत हजारो अँपिअर लागतात, पण काही मिलिसेकंदच. म्हणून कपॅसिटर बँक भरून ठेवतात आणि ट्रान्झिस्टरच्या स्विचने ती जोडतात-तोडतात. खरी भीती ठिणगीची असते. पृष्ठभागावरचा एखादा बिंदू जास्त तापला की सगळा प्रवाह तिथेच गोळा होतो आणि तबकडीत खळगा पडतो. प्रवाह अचानक चढला, तर काही मायक्रोसेकंदांत तोडणारे परिपथ त्यासाठीच असतात.

रेडिओ लहरी पाठवून, म्हणजे आरएफने, प्लाझ्मा करता येतो. मग ही सगळी यातायात का?

आरएफ स्रोतात तापलेला कॅथोड नसतो, हे खरे, आणि काही कामांसाठी तो उत्तमच आहे. पण जिथे लाटाच मोजायच्या आहेत तिथे स्रोताची स्वतःची लहर मोजणीत मिसळते. कॅथोडच्या प्लाझ्मात मुख्य विसर्ग, म्हणजे कॅथोड-ॲनोडमधला प्रवाह, तोडल्यावर मावळता, शांत प्लाझ्माही अभ्यासायला मिळतो.

यात धोके कोणते?

कपॅसिटर बँक हा सर्वांत मोठा धोका. वीज बंद केल्यावरही ती भरलेली असू शकते, म्हणून अर्थिंगचा दांडा लावल्याशिवाय हात घालू नये, आणि एकट्याने तर कधीच काम करू नये. बेरियम कार्बोनेट पोटात गेल्यास विषारी आहे. लेप फवारताना मास्क आणि हातमोजे अनिवार्य ठरवावेत. हेलियम विषारी नसला, तरी बंद खोलीत गळती झाल्यास प्राणवायूची जागा घेतो.

महाविद्यालयाला लहान प्रमाणावर सुरुवात करायची असेल, तर कुठून करावी?

टंगस्टनच्या चार-पाच तारा, ३० सेंटिमीटर व्यासाचे पात्र, आरगॉन आणि लँगम्यूर शोधनी (प्लाझ्मात ठेवून त्याची घनता व तापमान मोजणारी लहान तार) एवढ्यावर पहिले वर्ष सहज जाते. आरगॉनच्या आयनीभवनाला १५.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, हेलियमला २४.६, म्हणून सुरुवातीला आरगॉनच बरा. दुसऱ्या वर्षी अडीच सेंटिमीटरची हेक्साबोराइडची तबकडी घ्यावी. त्या तबकडीसाठी दर चौरस सेंटिमीटरला किती वॉट लागले, कड आणि मध्य यांत किती अंशांचा फरक राहिला आणि निवायला किती वेळ दिला, हे तीन आकडे ज्यांच्या वहीत आहेत त्यांच्याशीच मी २० सेंटिमीटरच्या कॅथोडविषयी बोलणी सुरू करतो.